मोडणे आणि सोडणे

मराठी भाषेने उपवासासाठी दोन क्रियापदे राखून ठेवली आहेत. उपवास सोडतात, आणि उपवास मोडतो. दोन्हींचा बाह्य परिणाम एकच : माणसाच्या पोटात अन्न जाते. परंतु सोडणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते आणि मोडणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराध. या दोन शब्दांच्या मध्ये एक माणूस कसा अडकून पडतो, हे आम्ही आमच्या शेजारीच पाहिले. हे गृहस्थ मुसलमान आहेत, मधुमेही आहेत आणि आयुष्यभर मराठी शिकवीत आल्यामुळे या दोन क्रियापदांमधला फरक त्यांना आमच्यापेक्षा अधिक बोचतो.

आमचा धर्मग्राम कोकणपट्टीत एका खाडीकाठी आहे. देवळाच्या आवारामागे नारळांची वाडी आणि वाडीपलीकडे मोहल्ला. मास्तर तिथेच राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षे मराठी शिकवून ते २०१७ साली निवृत्त झाले. घरात कोकणी बोलतात, नमाज अरबीत पढतात आणि भांडतात मात्र शुद्ध मराठीत. मुलगा आखातात नोकरीला. घरी ते आणि भाभी दोघेच. २०१५ पासून मास्तर इन्सुलिन घेतात आणि २०१९ पासून आम्हीही घेतो. आमची मैत्री तुकोबांच्या अभंगांवरून सुरू झाली आणि सुयांवर पक्की झाली, असे म्हणायला हरकत नाही. हल्ली आमच्या गप्पांत अर्धा वेळ साहित्य असते, अर्धा वेळ युनिट.

ज्यांच्या घरी हा आजार नाही अशा वाचकांसाठी थोडे खुलाशाने सांगतो. निरोगी माणूस उपाशी राहिला की त्याचे शरीर आपोआप शहाणपणाने वागते. रक्तातील इन्सुलिन कमी होते, यकृतात साठवलेली साखर हळूहळू बाहेर येते आणि दिवसभर माणूस तग धरतो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनला हे शहाणपण नसते. एकदा कातडीखाली गेले की आज रोजा आहे की सण आहे, हे ते विचारीत नाही. ते आपले काम करीत राहते, आणि त्याला परत बोलावता येत नाही. पोटात अन्न नसेल तर ते रक्तातील उरलीसुरली साखर ओढून घेते. घाम, कापरे, भ्रम आणि शेवटी बेशुद्धी, असा तो उतार असतो. मग इन्सुलिन घेतलेच नाही तर? तर उलटे संकट. साखर चढत जाते, शरीर शुष्क होते आणि काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. म्हणजे 'खात नाही, तर औषध कशाला' हा भाबडा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. प्रश्न औषध घ्यावे की न घ्यावे हा नसून, कोणते, किती आणि केव्हा, हा आहे.

आणि यात इतिहासाची एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरी. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहावर उपाय होता तो उपासमारीचाच. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाचे डॉक्टर रोग्यांना, त्यात लहान मुलांनाही, दिवसाला जेमतेम काहीशे कॅलरींवर ठेवीत. मुले हाडांचे सापळे होत, पण काही महिने, क्वचित काही वर्षे अधिक जगत. पुढे टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. कॉलिप यांनी ते शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा टोचले आणि मुलगा सावरला. ज्या औषधाने मधुमेह्याची सक्तीच्या उपाशीपणातून सुटका केली, त्याच औषधामुळे आता त्याला आपखुशीचा उपवास अवघड झाला आहे. मास्तरांना ही हकीकत आम्ही सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘‘फादर, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मी बारा महिने रोजे ठेवले असते आणि डॉक्टर खूश झाले असते!’’

रमजानचा महिना चांद्र असल्याने दरवर्षी दहाअकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२३ साली आपल्याकडे तो २४ मार्चला सुरू झाला. कोकणात त्या दिवसांत पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत साडेतेरा तास होतात, वर उकाडा. पाण्याचा थेंबही चालत नाही. मास्तरांना शहरातल्या एका डॉक्टरांनी पूर्वी कागदावरून मान वर न करता सांगितले होते, ‘‘रोजे बंद.’’ दोन शब्द. मास्तरांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी एवढेच केले की रमजानात त्या डॉक्टरांकडे जाणे बंद केले. पहाटे सहरीला नेहमीचे सकाळचे इन्सुलिन, सायंकाळी इफ्तारला नेहमीचे संध्याकाळचे, अशी स्वतःची व्यवस्था त्यांनी लावून घेतली. ती काही वर्षे निभावली म्हणून त्यांना ती बरोबर वाटली.

असे करणारे मास्तर एकटे नाहीत. २००१ साली तेरा देशांत, त्यात आपला देशही होता, बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची एक मोठी पाहणी झाली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी ७९ टक्क्यांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. ज्यांचे शरीर इन्सुलिन तयारच करीत नाही अशा पहिल्या प्रकारच्या रुग्णांतही हे प्रमाण ४३ टक्के होते. साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग रमजानात पहिल्या प्रकारात ४.७ पट आणि दुसऱ्यात ७.५ पट झाले. आम्हाला सर्वांत बोलका वाटला तो आणखी एक आकडा : इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांनीच त्या महिन्यात मात्रा बदलली होती. ‘रोजे बंद’ असे सांगून रोजे बंद होत नाहीत. बंद होते ते बोलणे.

१२ एप्रिल २०२३, पास्काच्या सणानंतरचा बुधवार. मोहल्ल्यात विसावा रोजा होता. सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास भाभी नारळांच्या वाडीतून जवळजवळ धावत आल्या. ‘‘फादर, तुमचं ते रक्त तपासायचं मशीन घेऊन चला. हे काहीतरी भलतंच बोलताहेत.’’

मास्तर ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. ते वर्गाला गप्प बसायला सांगत होते. मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उभे राहायला सांगत होते. समोर वर्ग नव्हता, शेजारची चार माणसे होती. आम्ही बोट हाती घेतले तेव्हा त्यांनी ते ओढून घेतले. ‘‘रक्त नको. रोजा आहे.’’ भाभींनी हात धरला. यंत्रावर आकडा आला : ४८.

भाभींनी पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून आणलीच होती. मास्तरांनी ओठ मिटून घेतले. ‘‘दीड तास राहिलाय,’’ ते म्हणाले. त्या भ्रमातही वेळेचे भान अचूक होते. ‘‘दीडच तास.’’

त्या ओटीवर आमची अवस्था चमत्कारिक होती, हे कबूल केले पाहिजे. कॅथलिक धर्मगुरूने मुसलमान माणसाला रोजा तोडायला सांगणे मोहल्ल्याला कसे वाटेल, हा विचार मनात येऊन गेला. आम्ही आकडा तेवढा मोठ्याने सांगितला आणि या आकड्याला थांबता येत नाही, असे म्हणालो. भाभींनी कुणाचेच ऐकण्याची वाट पाहिली नाही. लहान मुलाला औषध पाजताना आई हनुवटी धरते, तशी त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरली आणि चमच्याचमच्याने ते पाणी घातले. तिसऱ्या चमच्याला मास्तरांनी गिळले. मग पेला स्वतःच धरला. पंधरा मिनिटांनी आकडा ७१ झाला, आणखी थोड्या वेळाने ९६. शुद्धीवर आल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि तोंडावर टॉवेल घेतला. टॉवेलाआडून शब्द आला, ‘‘मोडला. विसावा मोडला.’’

रात्री मशिदीचे मौलाना आले. वयाने मास्तरांच्या मुलाएवढे, उत्तरेकडचे, मराठी जेमतेम. पण त्यांनी जे सांगितले ते आम्हाला फार नेमके वाटले. कुराणात रोजाची आज्ञा दुसऱ्या सूऱ्यात जिथे येते, तिथेच, त्याच ओघात, आजाऱ्याची आणि प्रवाशाची सवलतही येते. राहिलेले दिवस त्यांनी नंतर भरून काढावेत. ज्यांना तेही झेपणार नाही त्यांनी प्रत्येक दिवसामागे एका गरिबाला जेवू घालावे. त्या जेवणाला फिदिया म्हणतात. मौलानांचे म्हणणे असे की आज्ञा देणाऱ्यानेच सवलत दिली आहे. मग एक अल्लाहची आणि दुसरी आपल्या कमजोरीची, अशी वाटणी करणारे आपण कोण? बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने किंवा कातडीखाली इन्सुलिन टोचल्याने रोजा जात नाही, हेही त्यांनी सांगितले. मोहल्ल्यातील पुष्कळांना हे ठाऊक नव्हते. वास्तविक आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली जेद्दा येथील बैठकीत तपासणीसाठी रक्त काढणे आणि पोषण न देणारी इंजेक्शने यांनी रोजा तुटत नाही, असा निर्णय दिला होता. पण निर्णय एका शहरात होतो आणि ओटीवर पोहोचायला त्याला पाव शतक लागते.

मास्तर सर्व ऐकून म्हणाले, ‘‘फिदिया मरणाला टेकलेल्यांसाठी. मी चालताबोलता आहे.’’

हीच ती खरी गाठ. आम्हाला ती अगदी ओळखीची वाटली, कारण आमच्या धर्मग्रामातील निम्म्या आज्या याच गाठीने बांधलेल्या आहेत. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेप्रमाणे उपवासाचे बंधन अठराव्या वर्षापासून साठावे वर्ष लागेपर्यंत आहे आणि आजाऱ्याला ते लागू नाही, हे सेमिनरीत शिकवतात आणि आम्ही दर उपवासकाळात वेदीवरून सांगतो. तरी उत्तम शुक्रवारी साखरेच्या गोळ्या घेणारी सत्तरीची बाई उपाशीपोटी क्रुसाची वाट चालायला येते आणि बाराव्या स्थानाला खांबाचा आधार शोधते. विचारले तर उत्तर मिळते, ‘‘फादर, लहानपणापासून पाळलंय.’’ कम्युनियनपूर्वीचा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे, पाण्याचा थेंबही न घेता. १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ मध्ये मर्यादा तीन तासांवर आली, १९६४ मध्ये एका तासावर, आणि आता वृद्धांना व आजाऱ्यांना तेवढीही नाही. नियम सत्तर वर्षांत इतका खाली उतरला, मन मात्र अजून मध्यरात्रीच उभे आहे. सवलत घेणे म्हणजे दुसऱ्या वर्गात बसणे, अशी काहीतरी समजूत भाविक माणसाच्या हाडांत मुरलेली असते. म्हणून मास्तरांना ‘तुमच्या धर्मात परवानगी आहे’ असे सांगून काही होणार नव्हते. ते त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होते.

काम झाले ते निराळ्या मार्गाने. मुलाच्या आग्रहाने मास्तर जानेवारी २०२४ मध्ये तालुक्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. आम्ही आमच्या तपासणीसाठी बरोबर होतो. रमजान १२ मार्चला लागणार होता. बाईंचे पहिले वाक्य होते, ‘‘बरं झालं आत्ता आलात. दीडदोन महिने आधी आलं की मला काहीतरी करता येतं.’’ मास्तर ‘रोजे बंद’ची तयारी करून गेले होते, त्यांचे शस्त्र म्यानातच राहिले.

मग बाईंनी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न मास्तरांना आवडले, कारण ते परीक्षेसारखे होते. आजार किती वर्षांचा? तीन महिन्यांची सरासरी साखर किती? मूत्रपिंड कसे? साखर उतरू लागली की आधी कळते का, की एकदम भोवळ? पूर्वी कुणी दुसऱ्याने शुद्धीवर आणावे लागले का? घरी कोण असते? दिवसभर काम काय? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने आणि रमजान व मधुमेह यांचा विचार करणाऱ्या एका आघाडीने मिळून २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये ती सुधारली. तीत अशा प्रत्येक उत्तराला गुण आहेत. तीनपर्यंत धोका कमी, साडेतीन ते सहा मध्यम, सहाच्या वर जास्त. मास्तर वरच्या पायरीवर निघाले. ‘‘गुण जास्त आणि तरी नापास!’’ ते म्हणाले.

बाईंनी त्यांना स्वच्छ सांगितले की आपला सल्ला रोजे न ठेवण्याचा आहे आणि तो का आहे. पण तिथे त्या थांबल्या नाहीत. ‘‘एवढं सांगूनही तुम्ही ठेवणार असाल, तर माझ्यापासून लपवून ठेवू नका. माझ्या हिशेबाने ठेवा, आणि मी सांगेन तेव्हा सोडा.’’

त्यांनी 'सोडा' म्हटले. मास्तरांचे लक्ष त्या क्रियापदाकडे गेल्याचे आम्ही पाहिले.

हिशेब साधा होता, पण पूर्वीच्या अगदी उलटा. मास्तर मिश्र इन्सुलिन दोन वेळा घेत : सकाळी २४ युनिट, संध्याकाळी १४. मोठी मात्रा सकाळी, कारण एरवी दिवसभराचे खाणे तिला पुरवायचे असते. रमजानात दिवस रिकामा आणि रात्र भरलेली. म्हणून बाईंनी मोठी मात्रा इफ्तारकडे नेली, २४ युनिट. आणि संध्याकाळची निम्मी करून पहाटे सहरीला ठेवली, ७ युनिट. म्हणजे २०२३ साली जे पहाटे चोवीस टोचून दिवसभर उपाशी राहत होते, त्यांच्या शरीरात दुपारनंतर काय चालले असेल, ते आता आमच्याही ध्यानात आले. (वाचकांपैकी कुणी हे आकडे उचलून स्वतःला किंवा शेजाऱ्याला लावू नयेत, ही हात जोडून विनंती. इन्सुलिन निराळे, माणूस निराळा, तर आकडेही निराळे. एकदाच दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन घेणाऱ्याचा हिशेब वेगळा, जेवणागणिक टोचणाऱ्याचा आणखी वेगळा.)

जेवणाचेही ठरले. सहरी शक्य तितकी उशिरा, अगदी वेळ संपण्याच्या सुमारास; आणि तीत चपाती, डाळ, अंडे, दही असे हळूहळू पचणारे. इफ्तारला दोन खजूर आणि पाणी, मग सुई, मग मगरिबची नमाज आणि मग जेवण. भजी आणि सरबत यांच्याबद्दल बाई जे बोलल्या ते भाभींनी मास्तरांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकले. दिवसभर उतरलेली साखर सूर्यास्तानंतर तासाभरात डोंगरावर चढते ती याच ताटामुळे. तरावीहच्या लांब नमाजेतील उठणेबसणे हाही व्यायाम धरायचा. दुपारी निराळा व्यायाम नको. आणि मुख्य अट : साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, अथवा घाम, कापरे सुरू झाले, तर घड्याळाकडे न पाहता रोजा सोडायचा. दहा मिनिटे राहिली असली तरी.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात दोन दिवस मास्तरांनी सरावाचे रोजे ठेवले. मुलाने आखातातून दंडावर चिकटवायची एक चकती पाठवली होती. फोन जवळ नेला की तीत साखरेचा आकडा दिसतो. मास्तर पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी फोन दंडाला लावीत होते. भाभी म्हणाल्या, ‘‘रोजा अल्लाहसाठी आहे की या चकतीसाठी?’’

दरम्यान मौलानांनी बाईंकडून दोन पानांची माहिती मागवून घेतली आणि रमजानपूर्वीच्या शुक्रवारी मशिदीत वाचली. ते वाचतात म्हटल्यावर तिला जे वजन आले, ते आम्हाला किंवा बाईंना देता आले नसते. त्या आठवड्यात मोहल्ल्यातील पाच माणसे तपासणीला गेली. पाचांपैकी तिघे इन्सुलिनवर आहेत हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

२०२४ च्या रमजानात मास्तरांनी बावीस रोजे पुरे केले. सहा दिवस बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी ठेवलेच नाहीत. दोन दिवस मधेच थांबावे लागले. त्यांनी शाळेच्या वहीत रकाने आखले होते : तारीख, सहरीचे युनिट, दुपारी बाराची साखर, चारची साखर, इफ्तारचे युनिट, शेरा. ईदनंतर शिरखुर्मा घेऊन आले (आमच्यासाठी बिनसाखरेचा, हे भाभींचे औदार्य) तेव्हा वही दाखवायला बरोबर आणली होती. शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीला लिहिले होते : दु. ३.१०, साखर ६४, सोडला. आम्ही ती ओळ वाचली आणि काही बोललो नाही. मास्तरच म्हणाले, ‘‘शुद्धलेखन तपासताय का?’’

राहिलेल्या आठ दिवसांपैकी तीन त्यांनी डिसेंबरात, बाईंना विचारून, भरून काढले. थंडीचे दिवस, बारासव्वाबारा तासांचे, तहान कमी. उरलेल्या पाचांचा फिदिया दिला. मरणाला टेकलेल्यांसाठी असलेला तो फिदिया कुणाला दिला हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही; मात्र बंदरावर जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे त्या आठवड्यात रोज दुपारी मोहल्ल्यातून डबा जाताना आम्ही पाहिला.

मास्तरांचे एक वेळ ठीक. ते मोठे आहेत, बोलू शकतात, भांडूही शकतात. आमच्या शाळेतील एका मुलीची गोष्ट आम्हाला अधिक लागून राहिली. ती नऊ वर्षांची असल्यापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह. दिवसाला चार इंजेक्शने. तिच्या बाबतीत डॉक्टर, आई, दादी सर्वांचे एकमत : रोजा नाही. तिचे शरीर इन्सुलिन मुळीच तयार करीत नाही. उपाशीपोटी साखर केव्हा कोसळेल हा एक धोका, आणि भीतीने इन्सुलिन कमी घेतले तर आम्ल साचण्याचा दुसरा. प्रौढांतही अशा रुग्णांना सर्वांत जास्त धोक्यात धरतात. मुलीला हे सर्व पाठ होते. तरी २०२३ च्या रमजानात, नववीत असताना, ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन नाहीशी व्हायची. मुख्याध्यापिका सिस्टरांना ती सापडली ती जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी, पाठ करून जेवताना. तिला भूक लपवायची नव्हती, जेवण लपवायचे होते.

सिस्टरांनी तिला उपदेश केला नाही. ग्रंथालयामागची लहान खोली दुसऱ्या दिवसापासून उघडी ठेवली. दोनतीन दिवसांत तिच्या दोन मैत्रिणी, दोघींनाही रोजा, सिस्टरांकडे परवानगी मागायला आल्या : आम्ही तिच्याजवळ बसू का? मग त्या सुट्टीत असे दृश्य असे की दोन उपाशी मुली एका जेवणाऱ्या मुलीशेजारी बसून भूगोल पाठ करीत आहेत आणि जेवणारी घास चघळता चघळता त्यांच्या चुका काढते आहे. मार्च २०२४ मध्ये तिची दहावीची परीक्षा आली आणि निम्मी परीक्षा रमजानात गेली. केंद्रावर ग्लुकोमीटर, साखरेची पुडी आणि बिस्किटे जवळ ठेवण्यासाठी शाळेने आधीच पत्र दिले होते. गणिताच्या पेपराला तिने मध्ये दोन बिस्किटे खाल्ली, असे तिने स्वतः आम्हाला येऊन सांगितले. चोरून नव्हे, बाकावर, पर्यवेक्षकांच्या देखत. आता ती रक्तशर्करेवर कुणी चार प्रश्न विचारले तर आमच्या डॉक्टरीणबाईंच्या थाटात उत्तरे देते.

२०२५ साली रमजान २ मार्चला सुरू झाला आणि ५ मार्चला राखेचा बुधवार आला. वाडीच्या दोन्ही बाजूंना एकाच आठवड्यात उपवास लागले. आम्हाला आमच्या डॉक्टरांनी उपवासाची मनाई केली आहे, तेव्हा दुपारी बरोबर एक वाजता आम्ही जेवतो. त्या बुधवारी मास्तर कपाळावरची राख पाहून म्हणाले, ‘‘जेवलात ना?’’ आम्ही जेवलो असल्याचे सांगितले. त्यांची चकती त्या वेळी १०८ दाखवीत होती.

हल्ली ते पंचांग घेऊन बसतात. त्यांनी हिशेब केला आहे की रमजान सरकत सरकत २०३० साली एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. दोन्ही थंडीत, दिवस लहान. ‘‘तेव्हा मी एकाहत्तरचा असेन,’’ ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. ‘‘तीसच्या तीस ठेवायला परवानगी द्याल?’’

बाईंनी त्यांचा रक्ताचा अहवाल वाचता वाचता सांगितले की ते तेव्हा पाहू. तूर्त संध्याकाळी खाडीपर्यंत चालायला जायला लागा, आणि फादरांनाही बरोबर न्या.